ठळक पर्याय

मी टाइपरायटर बोलतोय. इंग्रजी अक्षरांचा, शाळेच्या कार्यालयातला, आता अडगळीच्या खोलीत मोडक्या बाकाखाली पडलेला. मला भंगार म्हणणाऱ्यांनी आधी माझ्यासारखा एक सरळ समास सोडून दाखवावा, मग तोंड उघडावं.

माझी उमेदीची सगळी वर्षं दोन माणसांत गेली. एक इंग्रजीच्या बाई आणि दुसरे आमचे टंकलेखक. पोरं त्यांना खटखटमामा म्हणत. बाई प्रश्नपत्रिका लिहायच्या, मामा माझ्यावर मेणकागद चढवून ती टंकायचे, आणि मग त्या मेणकागदावरून शाईने प्रती निघायच्या.

चार पर्यायांचे प्रश्न आले की दोघांची जुंपलीच.

"बाई, चारही एका ओळीत बसवतो. कागद वाचेल."

"कागद वाचवा आणि पोरं बुडवा. एकाखाली एक घ्या, मामा. कंसाखाली कंस आला पाहिजे. आणि हे गाळलेल्या जागेतले शब्द आहेत, तेव्हा पहिलं अक्षर लहान."

"पूर्णविराम?"

"तो वाक्याचा आहे, वाक्यापाशी राहू दे. पर्यायांना वाटत सुटू नका."

मामा पुटपुटत, पण ओळ अशी लावत की बाईंची पट्टी हरायची. टंकता टंकता ते प्रत्येक प्रश्न सोडवायचे. उत्तर सापडलं की गालात हसायचे. किती सुखाचे दिवस होते ते!

एका सहामाहीला मात्र आक्रीत घडलं. शेवटच्या बाकावर पेंगणाऱ्यांनाही त्या प्रश्नांत पैकीच्या पैकी गुण पडले.

मुख्याध्यापकांनी मामांना बोलावलं. "पेपर फुटलाय. टंकायला तुमच्याशिवाय कोण होतं? किल्ल्या ठेवा टेबलावर. उद्यापासून येऊ नका."

मामांनी किल्ल्या ठेवल्या. इतक्या वर्षांची नोकरी, आणि वर चोरीचा डाग. माझं रक्त उसळलं. शाईचं का असेना, होतं.

तेवढ्यात बाई आत आल्या. हातात प्रश्नपत्रिका होती.

"साहेब, तुम्ही गणिताचे. इंग्रजीशी तुमचं फारसं पटत नाही, हे सगळ्या शाळेला माहीत आहे."

"बाई, ही चेष्टेची वेळ आहे का?"

"नाही, म्हणूनच विचारते. वाचू नका, नुसतं बघा. प्रत्येक प्रश्नात सगळ्यात काळा पर्याय कोणता, तेवढा दाखवा."

साहेबांनी कागद खिडकीकडे धरला आणि बोट ठेवत गेले. बाईंनी उत्तरं समोर ठेवली. एकही चुकलं नव्हतं.

"झालं. आता तुम्हीही पेपर फोडलात," बाई म्हणाल्या.

खरं ते असं. उत्तर कळलं की मामांचं बोट खूश व्हायचं आणि त्या पर्यायावर जोरात पडायचं. मेणकागद तिथे जास्त कापला जायचा, शाई जास्त उतरायची. पोरांनी ते हेरलं होतं. मलाही ठाऊक होतं, मार मीच तर खात होतो. पण मला विचारतो कोण?

साहेबांनी किल्ल्या मामांच्या हातात दिल्या आणि बराच वेळ चष्मा पुसत बसले.

"मामा, तुम्हाला सगळी उत्तरं येतात, हीच अडचण आहे," बाई बाहेर येऊन म्हणाल्या. त्या दिवसापासून त्या शेजारी स्टुलावर बसून प्रत्येक पर्याय एकेक अक्षर करून सांगू लागल्या. अर्थ लागेपर्यंत ओळ संपलेली असे. मामांचं बोट शहाण्यासारखं वागू लागलं.

मग संगणक आला. त्याची सगळी अक्षरं सारखीच काळी, कुणाचं बोट खूश झालं ते कळायची सोयच नाही. मामा निवृत्त झाले. निरोपाच्या दुपारी भाषण टाळून ते माझ्यापाशी आले, साधा कागद चढवला आणि एक प्रश्न टंकून बाईंना दिला. प्रश्न इंग्रजीत होता, मी मराठीत सांगतो: जाताना माणसाने काय म्हणावं? खाली चार पर्याय, कंसाखाली कंस. येतो. आभारी आहे. चूकभूल माफ असावी. तुमच्या शेजारी बसून काम केलं, भरून पावलो.

बाईंनी तो वाचला नाही. खिडकीकडे धरला, शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं आणि कागद तसाच धरून उभ्या राहिल्या.

आता माझी शाईची फीत वाळली आहे. कुणी या खोलीत आलात तर मला खुशाल भंगारात द्या. फक्त त्याआधी एकदा, मनापासून, जरा जोरात एखादी कळ दाबा.