वेणीनंतरचा सोमवार

आमच्या फ्रिजचं दार उघडताना रबर सुटल्याचा 'चप्प' असा आवाज होतो. सोमवारी पहाटे सगळं घर झोपेत असताना तो आवाज आला आणि मी पांघरूण फेकून पळाले.

स्वयंपाकघरात माझ्या जुळ्यांपैकी एक जण खुर्चीवर चढून वरच्या कप्प्यात हात घालत होता. सवयीने मी त्याच्या पाठीवर वेणी शोधली. वेणी नव्हती. ती शनिवारी कापली.

"कोण रे तू?"

"तीनो. मी नुसता वास घेत होतो."

वास स्ट्रॉबेरीचा. बाटलीतलं गुलाबी औषध रोंगोचं, त्याच्या ठणकणाऱ्या कानासाठी. गेल्या हिवाळ्यात तेच औषध तीनोला एक चमचा दिलं होतं, तर त्याचे ओठ टम्म सुजले आणि श्वास घुरघुरायला लागला. अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत मी त्याला छातीशी धरून दारात उभी होते. मी बाटली काढून फ्रिजच्या डोक्यावरच्या कपाटात, बर्फ घातलेल्या डब्यात ठेवली आणि तीनोला बिस्किट देऊन झोपवलं.

दोघं चार वर्षांचे. रोंगो आधी जन्मला, म्हणून आमच्या बेटावरच्या रीतीप्रमाणे थोरल्याचे राखायचे केस त्याचे. जन्मापासून कात्री लावली नव्हती. शनिवारी त्याला रजयांनी मढवलेल्या खुर्चीवर बसवलं आणि टोकोरोआ गावातल्या निम्म्या नातेवाइकांनी त्याची एकेक बट कापली. तीनो खालच्या चटईवर बसून टकामका बघत होता. त्याचे केस तर मीच दर महिन्याला न्हाणीघरात कापते, त्याला कोण टाळ्या वाजवणार.

पाळणाघरात तेपाएरू आंटीचं राज्य. औषध पिशवीत ठेवून गेलात तर ती डब्यासकट परत पाठवते. बाटली हातात द्यायची, दुकानाची चिठ्ठी तशीच चिकटलेली हवी, वर आईची सही. मग ती कुलपात ठेवणार आणि देताना दुसऱ्या बाईला शेजारी उभं करून, भिंतीवरचा फोटो ताडून नाव, माप, सगळं मोठ्याने वाचणार. मी सगळं तिच्या मनासारखं केलं आणि बेकरीत कामाला पळाले. शनिवारची पहिली बट आंटीनेच कापली होती. तरी आता दोघांना ओळखायचं कशावरून, हे ना तिच्या लक्षात आलं, ना माझ्या.

दुपारी कणकेत हात असताना तिचा फोन.

"पोरी, तुझे दोन्ही लेक म्हणतायत, मी रोंगो."

मला हसूच आलं. आंटी हसली नाही. भिंतीवर लाल चौकटीत तीनोचा फोटो आहे, याला गुलाबी औषध चालत नाही म्हणून. आखूड केसांचा. रोंगोचा फोटो वेणीतला. आज दोन्ही पोरं लाल चौकटीतली दिसत होती.

"त्यांना फोन दे," मी म्हटलं. एक आवाज म्हणाला, मी रोंगो. दुसराही तसाच म्हणाला, तितकाच गोड. कान कुणाचा दुखतो विचारलं तर दोघांचा.

आंटी म्हणाली, "मी थेंबही देणार नाही. तू ये."

बेकरीच्या मालकाने तोंड वाकडं केलं. वाटेत मी स्वतःला समजावत होते, आई आहेस, बघितल्याबरोबर ओळखशील. अंगणात दोघं हातात हात घालून उभे होते, तेच फटीचे दात, तेच नाकाचं बोंड. आंटी आणि तिच्या शेजारची बाई माझ्याकडे बघत होत्या. आणि मला खात्री देता येईना. हा रोंगो वाटतोय, असं म्हणून चमचा भरायचा? हिवाळ्यातली ती घुरघुर कानात वाजायला लागली.

मग एकाने मान खाली घातली आणि मला सुचलं.

"पाठ करा रे दोघं माझ्याकडे."

डावीकडची मान उन्हाने भाजलेली, तांबूस काळी. उजवीकडची फिकी, सोललेल्या तारोच्या कंदासारखी. चार वर्षं त्या मानेवर वेणी होती. ऊन पोचलंच नव्हतं.

"हा रोंगो," मी फिक्या मानेवर हात ठेवून म्हटलं. आंटीने स्वतः चष्मा लावून दोन्ही माना तपासल्या, कपाटातून जुने फोटो काढून पाहिले, शेजारच्या बाईलाही दाखवले. मग मोठ्याने सगळं वाचलं आणि औषध दिलं. तीनोच्या मनगटावर कात्रीशिवाय निघणार नाही असा लाल पट्टा बांधला. "चार दिवसांत हीपण मान रापेल," ती मला म्हणाली. "मग काय करशील?" तोवर दवाखान्यातून त्याच्या नावाचं पक्कं कडं आणीन, असं मी कबूल केलं. रात्री नवरा म्हणाला, त्यापेक्षा एकाला मिशी फुटेपर्यंत थांब.

त्याआधी, घरी येताना रोंगो गाडीत झोपला होता. तीनोला मी विचारलं, खोटं का बोललास.

"रोंगोला खुर्ची मिळाली. मला चमचा तरी."

मी गाडी कडेला घेतली आणि मागे वळून त्याचा हात धरला. ते औषध तुझं अंग सहन करत नाही, पुढच्या खेपेला तुला श्वासच घेता आला नसता, हे सगळं त्याला कळेल असं सांगितलं. त्याने ऐकलं. मनगटावरचा लाल पट्टा गोल फिरवला.

मग म्हणाला, "आई, आम्ही बाळ होतो तेव्हा वेणी नव्हती ना?"

"नव्हती."

"मग आंघोळ घालताना तुझ्याकडून आमची अदलाबदल झाली असेल, तर खुर्ची कुणाची होती?"