दिमियानाबाईंनी शपथ घेतली नव्हती

शुब्रातल्या त्या गल्लीत माणसं दिवसभर आपले डोळे वाटत असत. कोपऱ्यावरच्या वाण्याकडे चीज मागितलं तरी तो छातीवर हात ठेवून म्हणे, "माझे दोन्ही डोळे तुमचे!" पैसे पुढे केले की म्हणे, "राहू द्या हो, तुमच्याकडून काय घ्यायचे!" दिलेले डोळे लोकांनी खरोखरच घेतले असते, तर कैरोच्या त्या भागात एक माणूस डोळस उरला नसता आणि रिक्षा चालवायला बाहेरगावाहून माणसं आणावी लागली असती. एका परदेशी पाहुण्याने म्हणे कबाबवाल्याचं 'राहू द्या' खरं धरलं आणि तोंड पुसून चालू लागला. कबाबवाला त्याच्यामागे नदीपर्यंत धावला. पुलावरच्या ब्राँझच्या सिंहांनी त्या दिवशी लाजेने मान फिरवली होती, हे पाहिलेली माणसं अजून हयात आहेत.

मग खरं बोलावणं ओळखायचं कसं? शपथेवरून. पहिल्यांदा "या, जेवा" म्हटलं तर ती रीत. दुसऱ्यांदा म्हटलं तरी रीतच. तिसऱ्यांदा मनगट धरून, देवाचं नाव घेऊन, मेलेल्या आईबापांना साक्षीला बोलावलं की समजायचं, हा माणूस मनापासून म्हणतोय. आता चपला काढायला हरकत नाही. खाटीक तर उठल्यासुटल्या 'नाहीतर बायकोला तलाक' अशी शपथ घेई. त्या सगळ्या शपथा मोजल्या असत्या, तर त्याच्या बायकोचा तलाक लग्नाच्या मांडवातच झाला असता.

इन्शिराह याच गल्लीत जन्मली, इथेच वाढली. तिला हे कुणी शिकवावं लागलं नव्हतं. शिवाय तिची नोकरीच शपथांची. एसी दुरुस्त करणाऱ्या कंपनीत ती फोनवर बसायची. "माणूस निघालाय साहेब, वल्लाह, देवाशपथ, तुमच्याच रस्त्याला लागलाय," असं ती दिवसभर सांगे, आणि तो माणूस समोरच्या झाडाखाली टोपी तोंडावर घेऊन घोरत असे.

आणि त्या वर्षीचं ऊन! बायका गच्चीवर कणकेचे गोळे ठेवून खाली पीठ आणायला येत आणि वर जाईपर्यंत भाकऱ्या फुगलेल्या असत. अशा दिवसांत कंपनीत रजेचं नाव काढणं म्हणजे बुडत्या नावेत नावाड्याने सुट्टी मागणं. आणि नेमक्या याच दिवसांत शाळा बंद होतात, त्या थेट सप्टेंबरपर्यंत.

आजवर तिचं अडलं नव्हतं. दहा वर्षांची शहद आणि सात वर्षांचा झियाद, दोघांची सुट्टी इन्शिराहच्या आईकडे जायची. ती आई हिवाळ्यात गेली. मातमाला आलेल्या प्रत्येक बाईने इन्शिराहला छातीशी धरून सांगितलं होतं, "मुलांची काळजी करू नकोस गं, माझ्याकडे सोड." तेव्हा ती रडता रडता "देव तुमचं भलं करो" म्हणाली होती आणि त्यातलं एकही बोलणं तिने जमेस धरलं नव्हतं. ती काय परदेशी पाहुणी होती?

नवरा सालेम कुवेतला ट्रक चालवायचा. शाळेचा निकाल लागला त्या दिवशी त्याचा फोन आला.

"हमदिया येतेय शुक्रवारी. मुलांना सोहागला घेऊन जाईल."

हमदिया म्हणजे त्याची थोरली बहीण, दूर दक्षिणेतल्या सोहागला राहणारी. तिला मूलबाळ नव्हतं. घर मोठं, अंगणात खजुराची झाडं आणि एक रागीट बदक.

"सुट्टीपुरतीच ना?" इन्शिराहने विचारलं.

"सुट्टीपुरती. म्हणजे बघू. तिथली शाळाही चांगली आहे म्हणे. मी चौकशी केलीय."

शाळेची चौकशी कानावर पडताच इन्शिराहने फोन दुसऱ्या कानाला लावला. सुट्टीला कुणी शाळेची चौकशी करतं?

"इथे सोय होईल त्यांची."

"कोण सांभाळणार?"

"मिळेल कुणीतरी."

"गुरुवारपर्यंत मिळालं तर ठीक. मुलांना कुलपात ठेवून जाणार असशील तर ते मला चालणार नाही, सांगून ठेवतो."

त्याच संध्याकाळी भाजीच्या पिशव्या घेऊन ती जिना चढत होती. तिसऱ्या मजल्यावर दिमियानाबाई दारात उभ्या होत्या. असियूतहून नुकत्याच राहायला आलेल्या, विधवा, हातावर निळा क्रूस गोंदलेल्या, मोजकं बोलणाऱ्या. एकुलता एक मुलगा ऑस्ट्रेलियात.

"शाळा सुटली ना मुलांची? माझ्याकडे सोडत जा. मी दिवसभर घरीच असते."

"तुमचं घर भरलेलं राहो, बाई. तुम्हाला कशाला त्रास?"

"त्रास कसला? मला मुलं आवडतात."

"देव तुम्हाला उदंड आयुष्य देवो." इन्शिराहने पिशव्या सावरल्या आणि सवयीने पायरीवर थबकली. आता मनगट धरतील, आता देवाला मध्ये आणतील. दिमियानाबाई नुसत्या बघत राहिल्या. मग हलकेच म्हणाल्या, "बरं. तुमची मर्जी." आणि आत गेल्या.

'भली बाई आहे, रीत पाळते,' असं मनाशी म्हणत इन्शिराह पुढचा जिना चढली.

मग तिची पायपीट सुरू झाली. पहिला नंबर दुसऱ्या मजल्यावरच्या उम्म शादीचा. मातमात सगळ्यांत मोठ्याने रडली होती ती.

"अगं, तुझी मुलं म्हणजे माझ्या पोटची!" उम्म शादीने कपाळाला हात लावला. "पण आम्ही समुद्रावर चाललोय. आणि माझा गुडघा, तो तर बघतेयस तू."

"गुडघा घेऊन समुद्रावर?"

"डॉक्टरच म्हणाला, वाळूत पुर म्हणून!"

"मग परत आल्यावर?"

"परत आल्यावर वाळू काढायला वेळ लागतो, बाई."

मावसबहीण रगा म्हणाली, "वल्लाह, ठेवली असती गं, पण माझा नवरा उन्हाळ्यात माणसांना चावतो. मागच्या वर्षी मीटर बघायला आलेल्याला चावला." शाळेतल्या उन्हाळी शिबिराच्या सरांनी शिट्टी तोंडातून काढून सांगितलं, मुलं अकरापर्यंत इथे असतील.

"आणि अकरानंतर?"

"नंतर घरी जातील."

"घरी कोण आहे?"

"ते मी कसं सांगू, बाई? घर तुमचं."

बुधवारी तिने मन घट्ट केलं आणि दोघांना ऑफिसात नेलं. साहेब रऊफ यांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण बाहेर फोनवर फोन वाजत होते. त्यांनी कानाडोळा केला. शहद कोपऱ्यात चित्रं काढत बसली. सगळं सुरळीत चाललं होतं. इन्शिराह पाणी प्यायला उठली तेवढ्यात फोन वाजला आणि झियादने उचलला.

"काका, तो माणूस आला नाही कारण तो झोपलाय. झाडाखाली. मला दिसतोय इथून. उठवू का?"

गिऱ्हाईक न्यायाधीश निघालं. ते पलीकडून इतकं ओरडलं की झाडाखालचा माणूस फोनशिवायच जागा झाला. रऊफसाहेबांनी मुलांना दार दाखवलं.

"तुमचा मुलगा हुशार आहे, बाई," ते म्हणाले. "पण हुशारीवर आमचं ऑफिस चालत नाही. उद्या एकट्या या. नाहीतर येऊच नका."

नोकरी सोडली तर भाड्याअभावी घर सुटत होतं, आणि घर सुटलं की सगळ्यांनाच सोहाग. रात्रभर हे चक्र तिच्या डोक्यात फिरत राहिलं.

गुरुवारी मुलांना एका दिवसापुरतं रगाच्या दारात अक्षरशः ढकलून ती कामावर गेली. संध्याकाळी त्यांना घेऊन परतली तर इमारतीचा दरवान अवादकाका खालच्या बाकावर तिरमिसचे उकडलेले दाणे सोलत बसलेला. झियादच्या हातावर दाणे ठेवत म्हणाला, "काय रे बाबा, लुडो कुणाबरोबर खेळणार आता? दिमियानाबाई तर गेल्या."

"कुठे गेल्या?" इन्शिराहने विचारलं.

"ऑस्ट्रेलियाला, मुलाकडे. आज सकाळीच. कधीपासून तिकीट पाठवतो म्हणत होता तो. बाई म्हणायच्या, 'थांब जरा, वरच्या मुलांची सुट्टी लागली की ती येतील माझ्याकडे.' लुडो आणला, रंग आणले. मला विचारलं, 'अवाद, मुलांना आंबा आवडतो की चिंचेचं सरबत?' मी म्हटलं, दोन्ही करून ठेवा."

इन्शिराहने जिन्याचा कठडा धरला. "पण त्या... त्या नुसती रीत म्हणून म्हणाल्या होत्या, काका. तिसऱ्यांदा म्हणाल्याच नाहीत. शपथ घेतली नाही त्यांनी."

अवादकाकाने सोलायचं थांबवलं. "अगं, त्या शपथ घेतच नाहीत. कशाचीच नाही. त्यांच्या पुस्तकात मनाई आहे म्हणतात. हो म्हणजे हो, नाही म्हणजे नाही. दुधवाल्याला कळलं, तुला नाही कळलं?"

"मग काय म्हणाल्या त्या? माझ्याबद्दल?"

म्हाताऱ्याने मांडीवरची सालं झटकली. "म्हणाल्या, 'दोनदा विचारलं, दोनदा नाही म्हणाली. मी ख्रिस्ती; माझ्या ताटातलं तिच्या मुलांनी खाऊ नये असं वाटत असेल.' मी म्हटलं, नाही हो, इन्शिराह तशी नाही. पण मग मुलाला फोन करून त्या हो म्हणाल्या. पावसाळी कोट मागितला माझ्याकडे. तिकडे म्हणे आता हिवाळा असतो."

इन्शिराह तिसऱ्या मजल्यावर गेली. दाराला कुलूप. कुलूप दिसत असूनही तिने तीनदा दार वाजवलं. पहिल्यांदा हळू, दुसऱ्यांदा जोरात, तिसऱ्यांदा दोन्ही हातांनी. शहद खालच्या पायरीवर उभी राहून आईकडे बघत होती.

शुक्रवारी हमदिया आली. भुशातली अंडी, फतीरच्या पोळ्या आणि बदकाच्या तक्रारी घेऊन आली. दिवसभर तिने मुलांना मांडीवरून उतरू दिलं नाही. वाईट बाई नव्हती ती. तिच्या मोठ्या घरात आवाज नव्हता, एवढंच. मुलांच्या पिशव्या भरताना इन्शिराह उन्हाळी कपडे ठेवत होती. हमदियाने कपाटातून शहदचा लोकरी स्वेटर काढला, झटकला आणि सगळ्यांत तळाशी घातला.

"स्वेटर कशाला, ताई? सप्टेंबरात तर परत येणार."

"असू दे गं. गाडीत गार वारं लागतं."

बाहेर डांबर वितळून रिक्षांच्या चाकांना चिकटत होतं.

रामसेस स्थानकावर गाडी लागली होती. हमदियाने इन्शिराहला मिठी मारली आणि गल्लीभर पुरतील एवढ्या शपथा तिथेच घातल्या. वल्लाह, पैगंबरांची शपथ, माझ्या बापाच्या कबरीची शपथ, सालेमच्या डोक्यावर हात ठेवून सांगते, शाळा उघडायच्या आत मुलं तुझ्या दारात! तिसऱ्यांदा म्हणाली, चौथ्यांदा म्हणाली, मनगट धरून म्हणाली. चिन्हं सगळी होती. इन्शिराह त्या बोटांकडे बघत राहिली आणि तिला पिशवीच्या तळाचा स्वेटर दिसत राहिला.

मुलं खिडकीशी बसली. झियादने तोंड बाहेर काढलं.

"आई, तू येशील ना घ्यायला?"

"येईन."

तो थांबला. आईच्या तोंडाकडे बघत राहिला. त्या गल्लीतलंच पोर ते; पुढे काय यायला हवं हे त्याला ठाऊक होतं.

"वल्लाह म्हण."

इन्शिराहने तोंड उघडलं. हीच शपथ ती दिवसभर झाडाखालच्या माणसासाठी वाहत होती. हीच शपथ घालून हमदिया आत्ता गाडीतल्या बाकावर बसली होती. 'येईन'ला तो शब्द जोडावा असं तिला वाटेना.

"येईन, बाळा," ती म्हणाली. "नुसतं येईन. हो म्हणजे हो."

गाडीने धक्का दिला. झियादने बहिणीकडे वळून सांगितलं, मोठ्याने, फलाटापर्यंत ऐकू येईल असं:

"ती शपथ घेत नाहीये."

शहदने आईकडे एकदा पाहिलं. मोठी होती ती, तिला जिन्यावरचं सगळं समजलं होतं. आता ती भावाला समजावेल, असं इन्शिराहला क्षणभर वाटलं. पण शहदने त्याचा खांदा धरून त्याला आत ओढलं, खिडकीची काच लावून घेतली आणि त्याचं डोकं आपल्या कुशीत घेतलं, जसं मातमाला आलेल्या बायकांनी तिच्या आईचं घेतलं होतं.