अकरा विळ्यांचा शोधनिबंध

मी मुंबईतल्या एका विद्यापीठात डिझाइनचा इतिहास शिकवते. सात वर्षं, तासिका तत्त्वावर. म्हणजे खुर्च्यांचा इतिहास शिकवायचा आणि स्टाफरूममध्ये स्वतःला खुर्ची नसायची. तासिकावाल्यांना बाळंतपणाची रजाही नसते. नुसते तास नसतात. यंदा कायम जागा निघाली, एकच. मुलाखत ऑनलाइन होती, म्हणून सात महिन्यांच्या शमिकाला घेऊन मी गुहागरला सासरीच थांबले. नवरा विनीत बोटीवर, सिंगापूरच्या आसपास कुठेतरी, असं आमचं ढोबळ समाधान.

माझ्या अर्जातलं सगळ्यात वजनदार पान म्हणजे गुहागरच्या विळ्यांवरचा शोधनिबंध. लग्नानंतर सासूबाई मला घरोघर नमस्काराला नेत होत्या, तेव्हा वाकले की माझी नजर पायांच्या आधी विळीवर जायची. एकाच आळीत अकरा विळ्या सापडल्या. सागवानी पाट, कडेला लांब पन्हळ, कोपऱ्यात गोल भोक. मी लिहिलं: पन्हळ नारळाचं पाणी निथळायला, भोक खुंटीला टांगायला, पाटावरच्या बारीक रेघा म्हणजे स्थानिक नक्षी. किनाऱ्यावरच्या बायकांच्या गरजेतून घडलेली, इतरत्र कुठेही न आढळणारी रचना! हे ‘इतरत्र कुठेही’ मी कुठेही न जाता लिहिलं होतं. निबंध परदेशी नियतकालिकात छापून आला. सासूबाईंनी त्यावर हळदकुंकू वाहिलं.

मुलाखतीत खरी विळी दाखवावी म्हणून आदल्या सकाळी शेजारच्या गंगुबाईंकडे गेले. शमिका कडेवर. ओटीवर धोंडू मेस्त्री चहा पीत होते. आळीतलं सगळं सुतारकाम त्यांचंच.

“हीच कशाला गो, मनस्वी?” गंगुबाई म्हणाल्या. “बरी तरी ने. ह्या चरीत नारळाचं पाणी साचतं मेलं. मुंग्या होतात.”

“साचतं? मग चर पाडली कशाला?”

“मी नाय पाडली,” मेस्त्री बशीतून मान वर न काढता म्हणाले. “आधीच व्हती. शाळंची बाकं ती, चर पेन्सिली ठेवायला. मोडकी म्हणून बाहेर टाकलीनी, मी उचलली. साग गो! जाळायला जीव होईना. अकरा विळ्या निघाल्या नि एक देव्हारा.”

“आणि हे भोक?”

“दौतीचं. आमच्या वेळी शाई व्हती.”

रेघांचं विचारायला माझी जीभ उचलेना. मेस्त्रींनी आपणहून सांगितलं. “पोरांनी कर्कटकानं मारल्यानी. रंधा फिरवणार व्हतो, पण गणपती तोंडावर. बायका म्हणाल्या, विळी उद्याच पायजे.”

मी विळी उलटी केली. पाटाच्या पोटावर पांढऱ्या रंगात लिहिलं होतं: बाक क्र. १४. विद्यार्थ्यांना मी पहिल्याच तासाला सांगते, वस्तू हातात आली की आधी उलटी करून बघा. अकरा विळ्यांची मी मिलिमीटरमध्ये मापं घेतली होती. उलटी एकही केली नव्हती.

शमिका चरीत बोट घालून खिदळत होती. सात महिन्यांच्या मुलीला कळलं ते.

घरी आल्यावर सासूबाईंना सांगितलं. त्यांनी भात वाढता वाढता निकाल दिला.

“गप बस. आधी कायम हो, मग खरं बोल.”

“आई, तो निबंध खोटा आहे.”

“खोटा कुठे? चुकलेला आहे. आणि तुझ्या त्या लोकांना विळीतलं काय कळतंय? बसता तरी येईल का त्यांना विळीवर?”

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता पडद्यावर चार चेहरे उगवले. शमिका पाळण्यात, पाळण्याची दोरी माझ्या पायाच्या अंगठ्याला. वरून मी विदुषी, खालून झोका. अध्यक्ष म्हणाले, “तुमचं पन्हळीचं विश्लेषण फारच सुंदर आहे.”

मान हलवली असती तर चाललं असतं. अंगठा तर हलतच होता. बिनखुर्चीची सात वर्षं डोळ्यांपुढून गेली. मग मी विळी उचलली आणि उलटी करून कॅमेऱ्यापुढे धरली.

“सर, हे बाक आहे.”

चारही चेहरे जिथल्या तिथे थिजले. मला वाटलं नेटवर्क गेलं. मी सगळं सांगितलं: दौत, कर्कटक, मुंग्या. सकाळीच संपादकांना पत्र पाठवलंय, हेही. समितीतल्या बाहेरच्या तज्ज्ञ बाईंनी चष्मा काढला.

“मग तुमच्या अर्जात उरलं काय?”

“एक सुतार,” मी म्हटलं. “त्यानं शाळेच्या बाकांतून अकरा स्वयंपाकघरं चालवली. आणि अकरा बायका, ज्या वर्षानुवर्षं चरीतल्या मुंग्या काढतायत. मी पाटाचीच मापं घेत बसले. विळीवर बसणारीला विचारलं नाही.”

बाई काहीतरी लिहायला लागल्या. तेवढ्यात गंगुबाई थेट खोलीत.

“झालं का गो? बांगडे पडलेत माझे.” मग पडद्याकडे वाकून, “हे कोण?”

“माझी मुलाखत घेतायत.”

“घेऊ दे. विळी दे.”

घेऊन गेल्या. अध्यक्षांनी घसा साफ करून विचारलं, “हेच का तुमचं क्षेत्रकार्य?” मी हो म्हटलं. दोरी जोरात ओढली गेली, शमिका उठली आणि मुलाखत संपली.

पंधरा दिवसांनी यादी लागली. जागा दुसऱ्याला. माझं नाव प्रतीक्षा यादीत पहिलं. सासूबाईंनी सकाळभर भांडी आपटली. दुपारी शमिकाला मांडीवर घेऊन भिंतीला उद्देशून म्हणाल्या, “पहिलं म्हणजे वाईट नाही. तो दुसरा काय जन्मभर टिकतोय?” मग माझ्याकडे न बघता, “ही दोन तास झोपेल. काय ते लिही जा.”

दुरुस्त निबंध मी धोंडू मेस्त्रींच्या जोडीनं पाठवायचा ठरवला. नियतकालिकाच्या फॉर्ममध्ये प्रत्येक लेखकाची माहिती लागते, म्हणून लॅपटॉप घेऊन त्यांच्याकडे गेले. ते पडवीत रंधा मारत होते.

“संस्थेचं नाव काय घालू, मेस्त्री?”

“संस्था कसली? ही पडवी.”

पडवी, गुहागर, असं भरलं. “आणि पद?”

रंधा थांबला. त्यांनी जरा विचार केला. “म्हणजे कच्चा की पक्का, असं?”

“तसंच काहीसं.”

“मग पक्का घाल,” मेस्त्री म्हणाले. “मला कोण काढतंय?”