ताटातली वाटी पायाशी

मी काशाची वाटी. अंगानं मूठभर, पण नीट बघाल तर माझं सगळं अंग म्हणजे एक उघडं तोंडच आहे. तेव्हा गप्प बस, असं मला कुणी सांगू नये.

जन्म नाशिकच्या भांडी बाजारातला. कासारानं ठोकून ठोकून घडवलं आणि ठोकताना शिव्याही दिल्या, त्यामुळे माझ्या अंगात थोडा तिखटपणा मुरलेला आहे. टिचकी मारली की टण्ण वाजायचे. तो आवाज ऐकूनच कुसाबाईच्या मामानं मला उचललं, बुडाला तिचं नाव घातलं आणि लग्नात आहेर म्हणून दिलं.

निफाडला कुसाबाईच्या घरी मी थाटात राहिले. सावळीराम, म्हणजे तिचा नवरा, जेवायला बसला की माझ्यात दूध नाहीतर खीर. पाहुणा आला की मी पहिली बाहेर. शेजारच्या फणसाळकरांकडं खीर पोचवायला मी, बारशाच्या घरी शिरा न्यायला मी. एक गोष्ट मात्र त्या गावात लहान पोरालाही ठाऊक होती. शेजारची वाटी रिकामी परत द्यायची नाही. काहीच नसेल घरात तर चिमूटभर साखर टाकायची, पण रिकामी नाही. मी आयुष्यात कधी रिकाम्या पोटी घरी आले नव्हते.

मग सावळीराम गेला, शेत भावकीनं कसायला घेतलं आणि पोरगा योगेश आईला गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये घेऊन आला. तिथं सगळं स्टील नाहीतर काच. सून हर्षाली वाईट नाही, बँकेत नोकरी करते, दमून येते. तिनं मला हातात घेऊन वजन बघितलं, मायक्रोवेव्हमध्ये चालत नाही म्हणाली आणि बाजूला ठेवलं. त्याच सुमारास कुसाबाईला साखर निघाली आणि तळव्यांची आग सुरू झाली. झालं, काशाच्या वाटीनं तूप चोळलं की आग उतरते, हे सगळ्यांना एकदम आठवलं. माझी रवानगी बाथरूमजवळच्या फळीवर झाली. एका बाजूला बाम, दुसऱ्या बाजूला टाच घासायचा दगड.

पायाला लागलेली वाटी परत ताटात येत नाही. असा नेम आहे. कुणी केला ते माहीत नाही, पण ज्यानं केला त्यानं स्वतःचे पाय कधी बघितले नसावेत.

अशा दिवसांत समोरच्या फ्लॅटमधली एक खोली भाड्यानं गेली. मुलगी आली. गोरीपान, बारीक डोळ्यांची, पाठीवर गिटार. मिझोरामहून तिच्या चर्चनं दोन वर्षांसाठी पाठवलेली. येशूचं सांगायचं आणि लोकांची सेवा करायची, एवढं तिचं काम. नाव व्हानलालरुआती. कुसाबाईनं त्यातलं शेवटचं रुआती तेवढं ठेवलं आणि बाकीचं परत केलं. बिल्डिंगमध्ये कुणी तिला नेपाळची म्हणे, कुणी चीनची. वॉचमनला ती पार्लरमध्ये कामाला आहे असं वाटे. ही खोली मिळण्याआधी तिला नाशिकमध्ये कुठल्या कुठल्या घरांनी दारातूनच हात जोडले होते. ही खोलीही गेली, तर चर्च तिला परत बोलावणार होतं. राहायलाच जागा नाही, तर सेवा कुठं उभी राहून करायची?

तिचा दिवस असा. पहाटे उठून गाणं. मग भात आणि काहीतरी उकडलेला पाला. मग चालत सरकारी दवाखान्यात. पेठ-सुरगाण्याकडून आलेल्या पेशंटजवळ बसायचं, औषधांच्या रांगेत उभं राहायचं, कुणाचं नसलेल्या म्हातारीचे केस विंचरायचे. मराठी तिला तेव्हा येत नव्हतं. दवाखान्यातली आया रोशनी तिला रोज थोडं थोडं शिकवायची, आणि ती संध्याकाळी येऊन ते सगळं कुसाबाईवर वापरून बघायची. कुसाबाई दारात खुर्ची टाकून बसलेलीच असे. जिन्यावरून काय गेलं, काय आलं, तिच्या नजरेतून काही सुटत नसे.

एकदा रुआती लंगडत आली. बुटांनी टाचा सोलून निघाल्या होत्या. कुसाबाईनं बघितलं, आत गेली, मला घेतलं, चमचाभर तूप घातलं आणि हर्षालीला म्हणाली, देऊन ये त्या पोरीला. हर्षालीच्या कानाला फोन. तिनं समोरची बेल वाजवली, मला त्या पोरीच्या हातात ठेवलं, आईंनी दिलंय म्हणाली आणि वळली. काय, कशाला, कुठं लावायचं, काही नाही.

आता शेजारच्या आजीनं वाटीतून तूप पाठवलं, तर माणूस काय समजेल?

रुआतीनं गरम भात घेतला, माझ्यातलं तूप त्यावर ओतलं, हिरवी मिरची चुरली, डोळे मिटून प्रार्थना केली आणि जेवली. बोटानं मला निपटून काढलं. मी ओरडून सांगणार होते, पण खरं सांगू? किती वर्षांनी कुणाच्या जेवणात होते मी. म्हटलं, बोलून कुणाचं भलं झालंय.

दुसऱ्या दिवशी रोशनीनं तिला दटावून सांगितलं की वाटी रिकामी द्यायची नाही. म्हणून रुआतीनं केळं आणि तांदळाच्या पिठाची गोड भजी तळली, त्यांच्याकडं करतात तशी, आणि मला काठोकाठ भरून घेऊन आली.

कुसाबाई खुर्चीतच. तिनं विचारलं, "तुपाचा गुण आला का गं?"

"लय चांगला, आजी. भातावर."

कुसाबाई माझ्याकडं बघत राहिली. मी तिच्याकडं. बाई वस्ताद, तोंडावर काही दिसू दिलं नाही. पोर आत गेल्यावर मात्र पदर तोंडात कोंबून एवढी हसली की खुर्ची करकरली. भजी काही तिनं खाल्ली नाहीत. योगेश कामावरून आल्यावर त्याच्यापुढं ठेवली. त्यानं सगळी खाल्ली आणि अजून आहेत का विचारलं. आणि गंमत बघा, दोन दिवसांत रुआतीच्या टाचा भरून आल्या. तिनं बूट सोडून चपला घेतल्या होत्या, पण कुसाबाईनं ते श्रेय सोडलं नाही. घरच्या तुपाचं असंच असतं म्हणाली, आतून लावलं तरी लागू पडतं.

तेव्हापासून माझं येणं-जाणं सुरू झालं. इकडून तूप, तिकडून भजी. त्यासोबत गप्पा. रुआती येशूचं सांगायची, नाही असं नाही. त्यासाठीच आली होती ती. कुसाबाई मन लावून ऐकायची आणि मधेच असं विचारायची की पोरीची बोबडी वळे. त्याला खिळे मारले तेव्हा त्याची आई कुठं होती? तिला कुणी पाणी दिलं का? शेवटी एकदा ती म्हणाली, "तुझ्याकडं एकच देव हाय बाई. माझ्याकडं तेहतीस कोटी. पण माझ्या गुडघ्याकडं बघायला एकाला पन येळ नाय. तू तुझ्यावाल्याला विचारून बघ, मग पुढचं बोलू."

रुआतीनं गुडघ्यासाठी प्रार्थना केली. गुडघा होता तसाच राहिला. 

थंडीच्या सुरुवातीला कुसाबाईच्या तळव्यांची आग फार वाढली. हर्षालीला यायला उशीर. वाकवत तर नव्हतं. एका संध्याकाळी तिनं मला घेतलं, तूप लावलं आणि स्वतःच पायापर्यंत हात पोचवायला गेली. हातातून सुटले मी. टण्ण करत दारातून बाहेर, गोल गोल फिरत जिन्याच्या तोंडाशी. रुआती नेमकी वर येत होती. तिनं मला उचललं, आत आणलं, आणि कुसाबाईचा तुपानं माखलेला तळवा बघितला.

मला बघितलं. परत तळवा बघितला.

"आजी," ती हळू म्हणाली, "ही वाटी... पायाची?"

कुसाबाई म्हणाली, "व्हय गं माझे आई."

मी वाटच बघत होते. आता ही थुंकणार, मला टाकणार, परत दार उघडणार नाही. पोरगी खाली बसली आणि हसायला लागली. हसता हसता डोळ्यांतून पाणी. म्हणाली, "म्हणून एवढी चव होती." मग तिनं कुसाबाईचा पाय उचलून स्वतःच्या मांडीवर घेतला आणि मला तळव्यावर फिरवायला लागली.

कुसाबाई पाय ओढून घ्यायला लागली. परक्या लेकराच्या मांडीवर पाय? रुआती म्हणाली, आमच्या येशूनंसुद्धा लोकांचे पाय धुतले होते.

"तूप लावलं व्हतं का?"

"नाही. पाण्यानं."

"मग त्याला सांग, तूप बरं."

मग रोज संध्याकाळी तेच. ती चोळायची आणि तिच्या भाषेतलं गाणं गुणगुणायची. तळवे काळे व्हायचे, माझं बूडही. कुसाबाई म्हणायची बघ किती उष्णता निघाली. हर्षाली म्हणायची ते तुपाचं आणि धातूचं काहीतरी होतं. आग मात्र उतरायची आणि म्हातारी रात्रीची झोपायची, हे दोघींनाही मान्य होतं. एकदा रुआतीच्या चर्चमधून फोन आला. ठेवल्यावर ती जरा पडलेल्या चेहऱ्यानं म्हणाली, विचारतायत, तुझ्याकडं किती जण येतात. कुसाबाई म्हणाली, "सांग की, एक म्हातारी येती. पाय पुढं करून."

दार उघडं असायचं, तेच नडलं. वरच्या मजल्यावरचे चिंतामणराव आमच्या सोसायटीचे चेअरमन. नोकरीतून निवृत्त झालेले, सोसायटीतून व्हायला तयार नाहीत. ते एका संध्याकाळी खाली उतरताना थबकले. आत परकी मुलगी जमिनीवर, हातात वाटी, वाटीत काहीतरी चकचकीत, ओठांवर न कळणारे शब्द, आणि म्हातारी डोळे मिटून पडलेली. झालं. रविवारी पार्किंगमध्ये मीटिंग लावली. विषय एकच, त्या मुलीला खोली सोडायला सांगावी म्हणून मालकाला कळवायचं.

रुआतीनं शनिवारीच बॅग भरून ठेवली. भरता भरता मलाही घासून, पुसून, भजी घालून परत केलं. रिकामी नाही द्यायची ना.

रविवारी कुसाबाई लिफ्टनं खाली आली, एका हातात हर्षालीचा दंड, दुसऱ्या हातात पदराखाली भज्यांसकट मी. हर्षालीनं तिला पुढच्या खुर्चीत बसवलं. रुआती खांबाजवळ उभी होती, हात बांधून, शाळेतल्या पोरीसारखी. चिंतामणरावांनी सुरुवात केली. कुणाच्या धर्माबद्दल आकस नाही, पण वयस्कर माणसांना गाठून, वाटीत द्रव्य घेऊन, मंत्र म्हणत पायांवर प्रयोग चाललेत, उद्या अख्खी बिल्डिंग बाटेल.

"द्रव्य न्हाय ते," कुसाबाई म्हणाली. "तूप हाय. घरचं."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. चिंतामणराव म्हणाले, "मावशी, तुम्ही भोळ्या आहात. ती तुम्हाला तिच्या देवाचं सांगते की नाही?"

"सांगती की. दुपारी कर्जवाला फोनवर सांगतो, त्याच्यावर कुठं मी सही केली? आन् मला एक सांगा चिंतामणराव. रोज ती माझ्या पायाशी बसती. मी तिच्या पायाशी नाय. मग बाटलं कोन?"

 पण चेअरमन कच्चे नव्हते. ते म्हणाले, पायाची वाटी आणि त्याच वाटीतून खाण्याची देवाणघेवाण, हे सगळ्यांनी बघितलंय, ही कुठली पद्धत? शी.

आता सांगते. योगेशनं भजी खाल्ली होती, हर्षालीनं खाल्ली होती. कुसाबाईनं मात्र मी पायाला लागल्यापासून माझ्यातला एक घास तोंडात घातला नव्हता. सगळी माया खरी, गप्पा खऱ्या, पण नेम तो नेम. मला ठाऊक होतं ते. त्या पोरीला नव्हतं.

कुसाबाईनं पदर बाजूला केला. मला मांडीवर ठेवलं. एक भजं उचललं, सगळ्यांकडं एकदा बघितलं आणि तोंडात घातलं. दात नाहीत, त्यामुळं वेळ लागला. सगळी बिल्डिंग तिचं चावणं बघत उभी. मग तिनं दुसरं उचललं.

"काशाचं बरं असतं," ती म्हणाली. "घासलं की झालं. तुम्हास्नी कशानं घासायचं, ते तेवढं मीटिंगच्या वहीत लिहून घ्या."

हशा झाला तो झालाच. त्यात चिंतामणरावांच्या बायकोनं, उत्तराबाईंनी, पुढं येऊन मला हातात घेतलं, उलटं करून बुडावरचं नाव वाचलं आणि रुआतीला विचारलं की आग नुसत्या तळव्यांची उतरते, का टाचांचीही? संध्याकाळी मोकळी कधी असतेस? मालकाला काही कळवायचं राहूनच गेलं.

बॅग त्याच दुपारी रिकामी झाली. रुआतीची दोन वर्षं अजून संपायची आहेत. तिच्याकडं अजूनही कुणी बाटायला येत नाही, पाय घेऊन मात्र बरेच येतात. परवा चिंतामणरावही आले, दार लावून घेतलं आणि म्हणाले, मंत्र नको, नुसतं चोळ. गाण्याच्या दुसऱ्या ओळीला घोरायला लागले.

माझं म्हणाल, तर मला आता ठरलेली फळी नाही. दुपारी ताटात, संध्याकाळी पायाशी, मधल्या वेळेत जिन्यात. बूड काळवंडलंय, नाव पुसट झालंय, पण टिचकी मारा, अजून टण्ण वाजते. तुमच्या मांडणीवर कुणा शेजाऱ्याची वाटी पडून असेल, तर आजच उठा आणि देऊन या. कुठल्या जातीची, कुठल्या देवाची, कुणाच्या पायाची, ते वाटीला विचारू नका. फक्त रिकामी देऊ नका.