दुसरा कप

वडील गेल्यावर त्यांचा फ्लॅट नुसता धूळ खात पडण्यापेक्षा सामानासकट भाड्याने द्यावा, असं धाकट्या लेकीने ठरवलं. तीन-चार महिन्यांच्या कामासाठी गावात येणाऱ्यांना अशी घरं हवीच असतात. पण घरात म्हाताऱ्यांचा मागमूस राहता कामा नये, असा तिने चंगच बांधला. भिंतींना रंग दिला. पलंग, पडदे, चहाचे कपसुद्धा नवे आणले. आईच्या फोटोचा खिळा उपटून भोक बुजवलं. नवरा म्हणाला, "आता फक्त हवा बदलायची राहिली."

पहिली भाडेकरू आली ती एक नर्स. पंधरवड्याने धाकटी तिची विचारपूस करायला गेली.

"सगळं छान आहे, ताई," नर्स म्हणाली आणि जरा ओशाळली. "पण हसू नका हं. मी एकटीच राहते, तरी रोज सकाळी माझ्या हातून दोन कप चहा होतो. दुसरा मी खिडकीत नेऊन ठेवते. का, ते माझं मलाच कळत नाही."

आई गेल्यानंतर वडील रोज तिचा चहा त्याच खिडकीत ठेवायचे. ही गोष्ट घराबाहेर कुणालाच ठाऊक नव्हती.

"विचित्र वाटतं ना? बंद करते मी," नर्स म्हणाली.

धाकटी खिडकीपाशी गेली. नव्या सेटमधला कप तिथे काठोकाठ भरलेला होता. तिने बोट बुडवून जिभेला लावलं.

"बंद नको करूस," ती म्हणाली. "फक्त साखर घालू नकोस. आईला चालत नाही."