सिंधुबाईंच्या डाव्या पायाचा मोजा

मित्रांनो, मी एक जुना मोजा आहे. नाक मुरडू नका. शाळेच्या बुटात कोंबतात तो मोजा मी नव्हे. मी औषधाच्या दुकानात मिळतो, डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय मला कोणी विचारत नाही, आणि स्वभावाने मी पहिल्यापासून खुनशी आहे. एकदा धरलं की सोडत नाही.

कारखान्यातल्या यंत्राने मला विणलंच तसं. घोट्यापाशी गच्च, वर गुडघ्याकडे जाताना जरा सैल. पायातल्या शिरा बिघडल्या की रक्त वर चढत नाही, खालीच साचतं. शिरा फुगतात, वेडीवाकडी वळणं घेतात, कातडी काळी पडते. डॉक्टर त्याला व्हेरिकोज व्हेन्स म्हणतात. मी बाहेरून दाब देऊन ते रक्त वर ढकलतो. दिसायला सोपं काम आहे, करून बघा म्हणजे कळेल.

नाशिकच्या दुकानातून मी थेट दिंडोरीकडच्या एका गावात आलो, सिंधुबाईंच्या डाव्या पायात. सिंधुबाई द्राक्षाच्या पॅकहाऊसमध्ये कामाला. हंगामात उजाडल्यापासून टेबलाशी उभं राहायचं, घडातले खराब मणी कात्रीने काढायचे, घड पेटीत भरायचे. बसायला स्टूलसुद्धा नाही. वर्षानुवर्षं असं उभं राहून तो पाय पार कामातून गेला होता. घोट्याच्या वर एक जखम झाली होती आणि ती काही केल्या भरत नव्हती.

सकाळी त्या अंथरुणातून उठायच्या आधी त्यांची सून सायली मला चढवायची. जखमेवर पट्टी, पायाला पावडर, मग मला अर्धा उलटा करून आधी टाच जागेवर बसवायची आणि हळूहळू वर सरकवत न्यायची. पॅकहाऊसमधल्या बायकांना सिंधुबाई सांगायच्या, "हा मोजा हाय म्हणून मी उभी हाय." एवढं कौतुक मला आयुष्यभर पुरलं.

पण डॉक्टर म्हणाले, आता नुसत्या मोज्याने भागणार नाही. बिघडलेली शीर लेझरने बंद करावी लागेल, नाहीतर जखम चिघळत जाईल आणि उभं राहणंच बंद होईल. मुलगा, संतोष, सातपूरच्या एका कंपनीत आहे. कंपनीच्या आरोग्य विम्यात त्याने आईचं नाव घातलेलं होतं. घरात सगळ्यांना धीर आला. विमा कंपनीने कळवलं, आमचा माणूस घरी येऊन पाहून जाईल.

तो माणूस म्हणजे राकेश. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. सिंधुबाईंनी डोक्यावर पदर घेतला, पाणी दिलं, खुर्ची पुढे केली.

"काय मावशी, बरं आहे ना?" त्याने विचारलं.

"हां, बरं हाय की. बसा ना, चहा ठिवते."

"कामाला जाता?"

"जाते की. न जाऊन कसं चालंल?"

"पाय फार दुखतो का?"

"चालायचंच, साहेब. कामाच्या माणसाचं दुखतंच थोडंफार."

मित्रांनो, आपल्याकडे घरी आलेल्या माणसापुढे दुखणी मांडत नाहीत. पाहुणा आहे, त्याला आधी चहा द्यायचा, आपलं बरं आहे म्हणायचं, ही रीत. परक्या पुरुषापुढे साडी घोट्याच्या वर घ्यायची तर बातच सोडा. मी साडीच्या आत ओरडत होतो, बाई, दाखवा, निदान मला तरी दाखवा. आणि राकेशनेही कुणा बाईमाणसाला पाठवून बघून घेतो म्हटलं नाही. चहा प्यायला, बशीत सांडलेलाही प्यायला आणि गेला.

मग उत्तर आलं. सायलीने वाचून दाखवलं: रुग्णाला विशेष त्रास नाही, रोज कामावर जाते, हा उपचार पाय चांगला दिसावा म्हणून आहे, विमा अशा उपचाराला लागू नाही.

"चांगला दिसावा?" सिंधुबाई म्हणाल्या. "माझा पाय बघतंय कोण?"

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात. मला मस्तक नाही, त्यामुळे माझी आग तळपायातच राहिली. ज्या हाताने चहाची कपबशी धरली त्याच हाताने हे लिहिलं. त्या दिवसापासून मी राकेशवर डूख धरून बसलो. रोज सिंधुबाई टेबलाशी उभ्या राहायच्या, पट्टी भिजायची, आणि मी एकच घोकायचो, याचं उट्टं काढीन.

एके दिवशी सायलीने सासूला रिक्षात बसवलं आणि दोघी नाशिकला शरणपूर रोडवरच्या विमा कंपनीच्या ऑफिसात गेल्या. लिफ्ट बंद. सिंधुबाई कठडा धरून जिना चढल्या. वर दीपमाला नावाच्या मोठ्या मॅडम होत्या. त्यांनी ऐकून घेतलं आणि राकेशला बोलावलं. तो ओळखीचं हसला. "काय मावशी, बरं आहे ना?"

सिंधुबाई खुर्चीत बसल्या, पदर सारखा केला आणि सगळ्या ऑफिसासमोर साडी गुडघ्यापर्यंत वर घेतली. सायलीने मला उतरवलं. काळी पडलेली कातडी, दोरीसारख्या फुगलेल्या शिरा, पट्टीवर आलेला ओला डाग. टायपिंगचा आवाज थांबला. पाहून झाल्यावर सायली मला चढवायला वाकली, तर सिंधुबाईंनी तिला थांबवलं.

"तू नको, पोरी. साहेब घालतील. दिसायसाठी हाय म्हणून त्यांनीच लिव्हलंय ना? घाला साहेब, बघू कसा दिसतोय ते."

राकेशने मॅडमकडे पाहिलं. मॅडम म्हणाल्या, "घाला."

तो गुडघ्यावर बसला. मित्रांनो, ह्या घडीची मी किती वाट पाहिली होती. देवाच्या काठीला आवाज नसतो, मोज्यालाही नसतो. मी पीळ घातला. टाच पुढे आणली. त्याने ओढलं की मी आखडायचो, सोडलं की घसरून खाली यायचो. त्याच्या इस्त्रीच्या शर्टाची पाठ घामाने भिजली. नाकी नऊ आणले मी त्याच्या, आणि खोटं कशाला सांगू, मला फार गोड वाटलं.

मग त्याने चिडून जोरात ओढलं. माझी कड जखमेला घासली आणि सिंधुबाईंनी श्वास आत ओढला. मी तत्क्षणी सैल पडलो. सूड माझा होता, पण पाय त्यांचा होता. गुपचूप वर चढलो आणि जागेवर बसलो.

राकेशचे हात तसेच पायावर राहिले. फुगलेल्या शिरा त्याच्या तळहाताला लागत होत्या. खाली मान घालून त्याने विचारलं, "मावशी, दुखतंय का?"

सिंधुबाईंच्या ओठांवर जन्मभराची सवय आली होती. मला कळलं, कारण पोटरी क्षणभर ताठ झाली. मग त्या म्हणाल्या, "दुखतंय. लय दुखतंय. लिव्हा."

त्याने लिहिलं. डॉक्टरांचे कागद मॅडमनी पुन्हा तपासायला लावले, मंजुरी आली, ऑपरेशन झालं, जखम भरली. पुढे काही महिने मी पायात होतो. मग माझी पकड गेली. सायलीने मला कापून परसातल्या कारल्याचा वेल मांडवाला बांधला. इथूनही मी धरून आहेच.

मित्रांनो, घरातलं कोणी बरं आहे म्हणालं तर त्यांच्या पायाकडे एकदा बघा. आणि पेन घेऊन कोणी विचारायला आलं तर रीतभात जरा बाजूला ठेवून खरं सांगा. मला क्षमा करायला सांगू नका, ते मला जमत नाही.

परवा राकेश घरी आला होता, ऑपरेशननंतरची तपासणी म्हणून. मी मांडवावरून पाहत होतो. सिंधुबाईंनी त्याला खुर्ची दिली. "आता खरंच बरं हाय, लिव्हा," म्हणाल्या. त्याने लिहिलं, पेन खिशाला लावलं आणि तरी थोडा वेळ बसून राहिला. सिंधुबाई समोर सरळ उभ्या होत्या, दोन्ही पायांवर. चहाचं नाव त्यांनी काढलं नाही.