राखेनं घासलेली सुई

मी सुई बोलते आहे. कपडे शिवायची नव्हे, सलाईनची. मागं वीतभर नळी आहे. शिवायच्या सुईनं टोचलं तर बाई बोट चोखते आणि विसरून जाते. माझं तसं नाही. माझ्यावर राग धरावा, असंच मी केलं आहे.

समुद्रापलीकडे थंड मुलखात मी एका म्हाताऱ्याच्या मनगटाला होते. त्याची लेक माझ्याकडे बघत बसायची. मला वाटायचं, मी केवढी कामाची! पण काम सरलं. तिथं आमच्यासारख्यांना जाळण्यासाठी वेगळी पिवळी पेटी असते. जाळायला खर्च येतो. कुणीतरी ती पेटी रद्दीच्या ढिगातच उलटी केली. वरून यंत्रानं दाबलं, तारा आवळल्या, झाली गाठ.

बंदरावर परदेशातल्या प्रत्येक मालाला एक आकडा लावतात. रद्दी कागदाचा आकडा वेगळा, दवाखान्यातल्या घाणीचा वेगळा. रद्दीला दार उघडं, घाणीला बंद. आमच्या गाठीला रद्दीचा आकडा लागला. आत कोण दडलं आहे ते मला ठाऊक होतं. पण सुईला तोंड नसतं, नुसतं टोक असतं.

अशी मी रद्दी होऊन चंद्रपूरजवळच्या एका गोदामात आले. तिथं बाया जमिनीवर बसून तांदूळ निवडावेत तसा कागद निवडतात. पांढरा इकडे, रंगीत तिकडे. हात उघडे. मोजे घातले की कागदाचा जाडपणा बोटाला कळत नाही, म्हणतात.

मंगली नावाची तरणी बाई शकुबाईशी हसत बोलत होती. शकुबाई वयानं मोठी, साऱ्याजणी तिचं ऐकायच्या. मंगलीनं कागदाचा बोळा उलगडला आणि मी तिच्या तळहातात शिरले.

"मा माय वं!"

"काटा रुतला काय वं?"

"काटा नाई बाई, सुई हाय. दवाखान्यातली."

मला मागं सरता आलं नाही. तिचं रक्त गरम होतं. माझ्या पोटात आधीच दुसऱ्याचं होतं.

डॉक्टरनं तिला इंजेक्शन दिलं, रक्त घेतलं, म्हणाला, "काही महिन्यांनी पुन्हा तपासू. रक्तातून कावीळ आली की नाही, ते तोवर नक्की सांगता येत नाही." तेव्हापासून मंगली साधा ताप आला तरी आरशात डोळे बघते, पिवळे झाले काय म्हणून. ते मी केलं.

तिचा भाऊ अश्वजित ब्रह्मपुरीच्या कॉलेजात शिकवतो. त्यानं कस्टमकडे तक्रार केली. उरलेल्या गाठींना सील लागलं. पण कस्टमचा साहेब तपासायला यायच्या आत गोदामाच्या मालकानं मोकळी पडलेली सारी घाण जाळून टाकली. उरले मी एकटी. शकुबाईनं मला डब्यात जपून ठेवलं होतं.

साहेब यायच्या दिवशी सकाळी तिनं डबा उघडला. पाहुण्याला पाणी द्यायचं तर तांब्या घासूनच द्यायचा, ही तिची रीत. तिनं मला चिमट्यात धरलं आणि राखेनं घासलं. नळीतून गरम पाणी ओतलं.

"काय करून राह्यली वं शकुबाई?" शेजारीण म्हणाली.

"एवढा मोठा साहेब येऊन राह्यला. त्याच्या हातात असं घाण देऊ काय? आपल्याले काय म्हनन तो?"

मी चकाकले. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

साहेबानं दोन गाठी उघडून पाहिल्या. नुसता कागद निघाला. मग मला उलटंपालटं केलं. "बाई, ही तर कोरी दिसते. कारखान्यातून फेकलेलीही असेल. रद्दीत थोडंफार प्लास्टिक येतंच. वापरलेली आहे हे कशावरून?"

"म्या घासली ना साहेब! रक्त होतं तिच्यावर!"

"होतं म्हणून आकडा बदलता येत नाही. दिसायला पाहिजे. सोमवारी सील काढावं लागेल."

म्हणजे सोमवारी त्या साऱ्या गाठी पुन्हा या उघड्या हातांसमोर येणार. साहेबाची गाडी गेल्यावर शकुबाई मंगलीकडे वळली. "माह्याच हातानं केलं वं मंगले. माती खाल्ली म्या."

"रडून काय होते? तुह्या घरची भांडी चमकतेत म्हनून तर समदा मोहल्ला जळते," मंगली म्हणाली. तिनं मला फडक्यानं उचलून उन्हासमोर धरलं. बराच वेळ धरलं. "बाई, हे पाह्य. इथी."

नळी जिथं सुईला चिकटते, त्या सांध्यात राख पोचली नव्हती. तांबूस एक ठिपका, मोहरीएवढाही नाही.

शकुबाईनं हात पुढं केला.

"हात नोको लावू आता! तुह्या हाताचा भरोसा नाई."

आज सोमवार. सील निघायच्या आत साहेबाला गाठायला पहिल्या गाडीनं दोघी नागपूरच्या कस्टम कचेरीत निघाल्या आहेत. डबा मंगलीच्या मांडीवर आहे, झाकण दोरीनं बांधलेलं. शकुबाई शेजारी बसली आहे, हात पदरात गुंडाळून.

साहेब, झाकण उघडाल तेव्हा हातात मोजे घाला. मला पुसू नका, धुऊ नका. सांध्यात बघा. तिथं मी जशी आहे तशी उरले आहे. माझा खरा आकडा लिहा, आणि मग मला त्या पिवळ्या पेटीत टाका. जळायची माझी तयारी आहे. मंगलीच्या डोळ्यांकडे मात्र मला बघायला लावू नका.